विद्यार्थ्यांच्या वतीनें कोण बोलतो?

विद्यार्थ्यांची संघटना म्हटली कीं सामान्य सुशिक्षित गृहस्थाच्या डोळ्यांपुढें एक ठराविक चित्र उभें राहतें. झेंडे, मिरवणूक, घोषणा, संप आणि शेवटीं प्राचार्यांच्या दालनाबाहेर जमलेला घोळका! हें चित्र अगदींच खोटें आहे असें नाहीं. पण तें अपुरें आहे. जर्मनींत दर सहामाहीस कोणत्या ना कोणत्या विद्यापीठाच्या गांवीं जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांची एक बैठक भरते; तिच्यांत यांपैकीं कांहींच दिसत नाहीं. ठिकठिकाणच्या विद्यापीठांतून आलेली ही तरुण मंडळी यजमान विद्यार्थ्यांनीं मिळवून दिलेल्या जागेंत जमिनीवरच अंथरुणें पसरते. दिवसभर लहान लहान गटांत बसून अभ्यासक्रम, परीक्षांचे नियम, प्रयोगशाळेंतील कामाचे तास असल्या रुक्ष विषयांचा काथ्याकूट करते. शेवटच्या दिवशीं सर्वांची एकत्र सभा होते, ठराव मांडले जातात, इतिवृत्त लिहिलें जातें, आणि मंडळी आपापल्या गांवीं परत जाते. ध्वज नाहीं, गणवेश नाहीं, पुढाऱ्याचा जयजयकार नाहीं.

या बैठकीचें जर्मन नांव मोठें लांबलचक आहे: बुंडेसफाखशाफ्टेनटागुंग. खुद्द विद्यार्थीहि तें पुरतें उच्चारण्याचा कंटाळा करून नुसतें 'बुफाटा' म्हणतात. शब्दाची फोड केली तर अर्थ सोपा आहे. एका विद्यापीठांत एक विषय शिकणाऱ्या सर्व विद्यार्थ्यांचा जो समुदाय, तो 'फाखशाफ्ट'. आपण त्याला विषय-मंडळ म्हणूं. देशांतील एकाच विषयाच्या अशा मंडळांची बैठक, ती बुफाटा. पदार्थविज्ञान, रसायन, गणित इत्यादि विषयांच्याहि अशा बैठकी आहेत; त्यांतलीच जीवशास्त्राची ही एक. तिला कायद्यानें दिलेली कोणतीहि सत्ता नाहीं, आणि तिचा ठराव कोणत्याहि विद्यापीठावर बंधनकारक नसतो. मग हा खटाटोप कशासाठीं? आणि देशभरच्या विद्यार्थ्यांची म्हणविणारी ही संघटना इतकी साधी, इतकी संकोची कां? या प्रश्नांचें उत्तर इतिहासांत आहे, आणि त्यासाठीं दोनशें वर्षें मागें जावें लागतें. कारण जर्मन विद्यार्थ्यांनीं एके काळीं याच्या अगदीं उलट प्रकारची, मोठी, दिमाखदार आणि बलाढ्य अशी राष्ट्रीय संघटना उभी करून पाहिली होती. आणि तिचा शेवट फार वाईट झाला.

नेपोलियनविरुद्धच्या युद्धांतून परतलेल्या तरुणांनीं १२ जून १८१५ रोजीं येना येथें 'बुर्शेनशाफ्ट' नांवाची संघटना स्थापन केली. तोंवर विद्यार्थी आपापल्या प्रांताच्या मंडळांत विभागलेले असत, आणि त्यांचा पुष्कळसा वेळ मद्यपानांत व द्वंद्वयुद्धांत जाई. येनाचे तरुण म्हणाले, प्रांत अनेक असले तरी जर्मन विद्यार्थी एक आहे. त्या काळीं जर्मनी नांवाचें एक राज्यच नव्हतें. तीन डझनांहून अधिक लहानमोठीं राज्यें होतीं. राजांना जें साधलें नव्हतें तें विद्यार्थ्यांनीं आपल्यापुरतें साधण्याचें मनांत आणलें, ही कल्पना उदात्त होती यांत शंका नाहीं. १८ ऑक्टोबर १८१७ रोजीं वार्टबुर्ग किल्ल्यावर सुमारें ५०० विद्यार्थी जमले. लूथरच्या धर्मसुधारणेस तीनशें वर्षें झालीं म्हणून आणि लाइप्झिगच्या विजयाचा स्मृतिदिन म्हणून, अशा दुहेरी निमित्तानें भाषणें झालीं, प्रार्थना झाल्या. संध्याकाळीं मात्र त्यांतल्या कांहींनीं रद्दी कागदाच्या गठ्ठ्यांवर आपणांस न पटणाऱ्या ग्रंथांचीं नांवें लिहिलीं आणि ते गठ्ठे आगींत टाकले. त्या नांवांत झाऊल आशर या ज्यू लेखकाच्या एका पुस्तकाचेंहि नांव होतें. पुढें १८१९ सालीं कार्ल झांट या विद्यार्थ्यानें नाटककार कोट्झेबू याचा खून केला, आणि त्या निमित्तानें राज्यकर्त्यांनीं कार्ल्सबाडचे हुकूम काढून सारी चळवळ दडपून टाकली.

चळवळ दडपली गेली. पण तिनें पेरलेलें बीज जमिनींत राहिलें. तें बीज दुहेरी होतें. एका दळांत 'सर्व विद्यार्थ्यांची एक संघटना' हा विचार होता, आणि दुसऱ्यांत 'सर्व म्हणजे कोण?' हा प्रश्न. पहिल्याचा सर्वांनीं गौरव केला. दुसऱ्याकडे फारसें कोणीं लक्ष दिलें नाहीं.

त्याचें पहिलें प्रामाणिक उत्तर देण्याचा प्रयत्न शतकाच्या अखेरीस झाला. विद्यापीठांत रंगीत टोप्या आणि फिती मिरविणाऱ्या जुन्या मंडळांची प्रतिष्ठा मोठी होती. परंतु पुष्कळ विद्यार्थी त्यांच्या बाहेरच राहत. ऐपत नसलेला, वेळ नसलेला, द्वंद्वयुद्धाची हौस नसलेला असा हा वर्ग. त्याला कुचेष्टेनें 'फिंक' म्हणत. फिंक म्हणजे चिमणीएवढा एक पक्षी. १८९६ सालीं लाइप्झिगच्या या 'पाखरां'नीं आपली संघटना उभी केली, आणि १९०० सालीं ठिकठिकाणच्या अशा संघटनांचा देशव्यापी संघ झाला. त्यांचें म्हणणें असें, कीं जो कोणत्याहि मंडळाचा सभासद नाहीं त्याच्याहि वतीनें कोणीतरी बोललें पाहिजे, आणि विद्यापीठानें तें ऐकलें पाहिजे. त्यांनीं वाचनालयें काढलीं, गरजूंना शिकवण्या मिळवून देण्याची सोय केली, आणि विषयवार अभ्यास-शाखा सुरू केल्या. रक्त, प्रांत किंवा टोपीचा रंग यांऐवजीं अभ्यासाचा विषय हा एकत्र येण्याचा पाया होऊं शकतो, ही आजच्या विषय-मंडळाची मूळ कल्पना येथें दिसूं लागते. याच सुमारास विद्यापीठाचें दार स्त्रियांनाहि उघडलें. बाडेन राज्यांत १९०० सालीं आणि प्रशियांत १९०८ सालीं.

जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याचें स्थान मात्र या काळांत मोठें चमत्कारिक होतें. 'बिओलोगी' हा शब्द ब्रेमेनच्या ट्रेव्हिरानुस यानें १८०२ सालींच आपल्या ग्रंथाच्या नांवांत घातला होता. श्लायडेन व श्वान यांनीं १८३८-३९ सालीं पेशी-सिद्धांत मांडला. येनाच्या हेकेलनें १८६६ सालीं 'इकॉलॉजी' हा शब्द बनविला. अशा रीतीनें शास्त्र जगभर गाजत होतें. पण विद्यापीठांत 'जीवशास्त्र' या नांवाचा एकसंध विषय नव्हता. वनस्पतिशास्त्राची संस्था वेगळी, प्राणिशास्त्राची वेगळी. प्रत्येक संस्थेवर एक मुख्य प्राध्यापक, आणि त्याचा शब्द हाच तेथला कायदा. विद्यार्थी या प्राध्यापकाचा अथवा त्या प्राध्यापकाचा म्हणून ओळखला जाई. माध्यमिक शिक्षकाची सरकारी परीक्षा किंवा डॉक्टरेट, या दोन वाटांपैकीं एका वाटेनें तो बाहेर पडे. आपल्यासारखेच विद्यार्थी इतर विद्यापीठांत काय शिकतात, त्यांच्या अडचणी काय, हें जाणून घेण्याचें त्याला साधन नव्हतें.

पहिलें महायुद्ध संपलें, बादशाही गेली, आणि १९१९ च्या जुलै महिन्यांत वुर्त्सबुर्ग येथें सर्व विद्यापीठांच्या प्रतिनिधींची परिषद भरली. तेथें 'डॉयचे श्टुडेंटेनशाफ्ट' ही देशव्यापी विद्यार्थी-संघटना जन्मास आली. आरंभ फार आशादायक होता. युद्धावरून परतलेल्या निर्धन तरुणांसाठीं भोजनालयें, वसतिगृहें, आजारपणांत मदत असें पुष्कळ उपयुक्त काम त्या काळच्या विद्यार्थी-मंडळांनीं केलें. १९२० सालीं प्रशियाच्या सरकारनें या मंडळांना कायदेशीर मान्यता दिली. वर्गणी गोळा करण्याचा हक्क दिला. जगांतील फारच थोड्या देशांत त्या वेळीं विद्यार्थ्यांना एवढें स्वराज्य होतें.

आणि येथेंच तो जुना प्रश्न पुन्हां आडवा आला: सर्व म्हणजे कोण? ऑस्ट्रियांतील आणि बोहेमियांतील जर्मनभाषी विद्यार्थीहि या संघटनेंत होते, आणि तेथील मंडळें वंश पाहून सभासद घेत. ज्यू विद्यार्थ्यास तेथें प्रवेश नव्हता. प्रशियाचे शिक्षणमंत्री कार्ल हाइनरिख बेकर हे स्वतः विद्वान प्राध्यापक होते, आणि विद्यार्थ्यांच्या स्वराज्याचे कैवारी होते. त्यांनीं सांगितलें कीं जर्मन नागरिक असलेला प्रत्येक विद्यार्थी सभासद झालाच पाहिजे, आणि बाहेरील मंडळांशीं जोडून घ्यायचें तर हीच अट त्यांनाहि लागू राहील. १९२७ च्या नोव्हेंबरांत या प्रश्नावर प्रशियांतील विद्यार्थ्यांचें मतदान झालें. तीन-चतुर्थांशांहून अधिक मतें मंत्र्यांच्या विरुद्ध पडलीं. सरकारी मान्यता गेली तरी चालेल, पण ज्यू सहाध्यायी नको, असा त्या मतदानाचा सरळ अर्थ होता. ही निवड कोणा हुकूमशहानें लादलेली नव्हती. हिटलर सत्तेवर येण्यास अजून पांच वर्षांहून अधिक अवकाश होता. सुशिक्षित तरुणांनीं मोकळ्या मतदानानें ती केली, ही गोष्ट विसरतां येत नाहीं.

याच वर्षांच्या आगेंमागें महाराष्ट्रांतील एक विद्यार्थिनी बर्लिनला जाऊन पोंचली. इरावती कर्वे यांचें नांव मराठी वाचकांस 'युगांत'च्या लेखिका म्हणून ठाऊक आहे. परंतु त्यांचें डॉक्टरेटचें काम बर्लिनच्या डालेम भागांत १९२७ सालीं स्थापन झालेल्या मानववंशशास्त्राच्या कैसर विल्हेल्म संस्थेंत झालें. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनेचे पुरस्कर्ते होते. मनुष्याच्या कवटीच्या दोन बाजू सारख्या नसतात. ही असमानता गोऱ्या वंशांत विशेष असावी आणि तिचा संबंध बुद्धीशीं असावा, असा एक तर्क होता, व तो तपासण्याचें काम इरावतीबाईंकडे आलें. त्यांनीं निरनिराळ्या वंशांच्या कवट्या मोजल्या आणि निष्कर्ष लिहिला कीं वंशावरून असा कोणताहि फरक दिसत नाहीं. परक्या देशांत, परक्या भाषेंत, मार्गदर्शकाच्या समजुतीविरुद्ध जाणारें माप एका विद्यार्थिनीनें जसेंच्या तसें कागदावर मांडलें. त्यांना कोणीं प्रतिनिधि म्हणून निवडलें नव्हतें. परंतु त्या वेळच्या बर्लिनमध्यें विज्ञानाच्या विद्यार्थ्याचें खरें कर्तव्य काय, याचें प्रतिनिधित्व त्या लहानशा प्रबंधानें केलें असें म्हणतां येईल.

पुढचा उतार वेगानें आला. १९२६ सालीं नाझी पक्षाचा विद्यार्थी-संघ निघाला होता. १९३१ च्या जुलैंत ग्राट्स येथील परिषदेंत राष्ट्रीय विद्यार्थी-संघटनेचें नेतृत्व त्याच्या हातीं गेलें. म्हणजे देशाच्या आधीं दीड वर्ष विद्यार्थी-संघटना नाझी झाली. १९३३ च्या एप्रिलांत निघालेल्या कायद्यांनीं ज्यूंना विद्यार्थी-मंडळांतून वगळलें, आणि नव्या विद्यार्थ्यांत त्यांचें प्रमाण दीड टक्क्यावर आणून ठेवलें. १० मे १९३३ रोजीं बर्लिनच्या ऑपेरा चौकांत आणि इतर अनेक विद्यापीठांच्या गांवीं ग्रंथांच्या होळ्या पेटल्या. त्या सरकारी शिपायांनीं पेटविल्या नव्हत्या. त्यांची योजना, पत्रकें व मिरवणुकी हें सर्व 'डॉयचे श्टुडेंटेनशाफ्ट'चें काम होतें. वार्टबुर्गवर रद्दीचे गठ्ठे जळाले होते. येथें खरे ग्रंथ जळाले.

जीवशास्त्राला या काळांत मोठा मान मिळाला, आणि तोच त्याचा अधःपात ठरला. ट्यूबिंगेनचे वनस्पतिशास्त्रज्ञ एर्न्स्ट लेमान यांनीं १९३१ सालीं जर्मन जीवशास्त्रज्ञांचा संघ काढला होता. नव्या राजवटींत त्याचें मासिक वंशवादी प्रचाराचें साधन झालें. ऑयगेन फिशर १९३३ सालीं बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले. फ्रायबुर्ग येथें श्पेमान यांच्या हाताखालीं गर्भविज्ञानांत काम करणारे व्हिक्टर हांबुर्गर त्या वेळीं अमेरिकेंत होते. त्यांना नोकरीवरून काढल्याचें तेथेंच कळलें आणि ते परतले नाहींत. अनुवंशशास्त्रज्ञ रिचर्ड गोल्डश्मिट १९३६ सालीं देश सोडून गेले. विषय-मंडळें होतींच, पण आतां तीं वरून आलेला हुकूम खालीं पोंचविणारीं, आणि कोणता प्राध्यापक काय बोलतो यावर नजर ठेवणारीं. प्रतिनिधि हा शब्द शिल्लक होता. त्याचा अर्थ पालटला होता.

अशा वेळीं, १९४२ च्या मे महिन्यांत, एकवीस वर्षांची सोफी शोल म्यूनिक विद्यापीठांत दाखल झाली. तिचे विषय होते जीवशास्त्र आणि तत्त्वज्ञान. तिचा भाऊ हान्स वैद्यकाचा विद्यार्थी होता. तो आणि त्याचे मित्र 'व्हाइट रोझ' म्हणून पुढें ओळखल्या गेलेल्या गुप्त गटांत राजवटीविरुद्ध पत्रकें लिहीत. सोफीहि त्यांत सामील झाली. १८ फेब्रुवारी १९४३ रोजीं दोघां भावंडांनीं विद्यापीठाच्या इमारतींत सहावें पत्रक वाटलें. तें सहाध्यायी तरुण-तरुणींना उद्देशून लिहिलेलें होतें. इमारतीच्या पहारेकऱ्यानें त्यांना पकडलें. चार दिवसांनीं, २२ फेब्रुवारीस, खटला चालला आणि त्याच दिवशीं सोफी, हान्स व त्यांचा मित्र ख्रिस्तोफ प्रोब्स्ट या तिघांचा शिरच्छेद झाला. त्याच संध्याकाळीं विद्यापीठांत विद्यार्थ्यांची सभा भरली, आणि शेंकडों विद्यार्थ्यांनीं त्या पहारेकऱ्याचा टाळ्यांच्या गजरांत गौरव केला. कायद्यानें प्रतिनिधि असलेली संघटना त्या सभागृहांत होती. विद्यार्थ्यांच्या वतीनें जें बोलायला हवें होतें तें मात्र एका जिन्यावर ठेवलेल्या पत्रकांच्या चळतींत होतें.

युद्धानंतर सर्वच नव्यानें उभारावयाचें होतें. पूर्वेकडील रशियन अंमलाखालच्या भागांत विद्यार्थ्यांनीं निवडलेल्या मंडळांना फार दिवस मोकळेपणा मिळाला नाहीं. लाइप्झिगच्या विद्यार्थी-मंडळाचे निर्वाचित अध्यक्ष वोल्फगांग नाटोनेक यांना १९४८ च्या नोव्हेंबरांत अटक झाली व पंचवीस वर्षांची शिक्षा सुनावण्यांत आली; १९५६ सालीं ते सुटले. बर्लिनच्या जुन्या विद्यापीठांत सहाध्यायांना काढून टाकण्यांत आल्यावर विद्यार्थ्यांनीं पश्चिम भागांत वेगळें विद्यापीठ मागितलें, आणि १९४८ च्या डिसेंबरांत डालेम येथें 'फ्री युनिव्हर्सिटी' उघडली. तिच्या कारभारांत विद्यार्थ्यांना आरंभापासून जागा व मत होतें. योगायोग असा, कीं फिशर यांच्या संस्थेची इमारत याच विद्यापीठाकडे आली. जेथें कवट्या मोजल्या गेल्या तेथें आतां राज्यशास्त्र शिकवितात, आणि १९८८ सालीं तेथें त्या काळ्या इतिहासाचें स्मरण देणारा फलक बसविण्यांत आला.

पश्चिम जर्मनींत १९४९ सालीं पुन्हां एक राष्ट्रीय विद्यार्थी-संघ स्थापन झाला. परंतु विद्यापीठाचा आंतला कारभार जुनाच राहिला. मुख्य प्राध्यापक हाच त्याचा स्वामी. १९६७ च्या नोव्हेंबरांत हांबुर्गच्या दोघां विद्यार्थ्यांनीं प्राध्यापकांच्या मिरवणुकीपुढें फलक धरून त्यांच्या झग्यांखालीं हजार वर्षांची कुबट हवा सांठली असल्याची टर उडविली, आणि त्यानंतरचीं दोन-तीन वर्षें देशभर गाजलीं. राज्यांनीं कायदे बदलून प्राध्यापक, सहाय्यक व विद्यार्थी यांना समित्यांत बरोबरीच्या जागा द्यावयास सुरुवात केली. त्यावर २९ मे १९७३ रोजीं घटना-न्यायालयाचा निकाल आला: विद्यार्थ्यांनीं समित्यांत बसणें घटनाबाह्य नाहीं, परंतु अध्यापनाच्या प्रश्नांत प्राध्यापकांचें वजन निम्म्याहून कमी असतां कामा नये, आणि संशोधन व नेमणुका यांत तें निर्णायक असलें पाहिजे. म्हणजे विद्यार्थ्याला खुर्ची मिळाली, मत मिळालें. पण संख्येच्या जोरावर जिंकण्याची वाट बंद झाली.

त्यांतच बवेरियानें १९७३ च्या कायद्यानें आणि बाडेन-व्युर्टेम्बेर्गनें १९७७ सालीं विद्यार्थ्यांचीं स्वायत्त मंडळें रद्द केलीं. तीं फार राजकारण करतात असा आरोप होता. बाडेन-व्युर्टेम्बेर्गमध्यें तीं परत यावयास २०१२ साल उजाडलें; बवेरियांत इतर राज्यांसारखीं तीं अद्याप आलेलीं नाहींत. राष्ट्रीय संघहि राजकीय पक्षोपपक्षांच्या भांडणांत झिजत गेला, आणि १९९० च्या सुमारास मोडला. १९९३ सालीं त्याच्या जागीं नवा संघ निघाला. या सर्व पडझडींत टिकून राहिलें तें सर्वांत लहान घटक, म्हणजे विषय-मंडळ. नव्या विद्यार्थ्याला पहिल्या आठवड्यांत गांव व विद्यापीठ दाखविणें, मागील परीक्षांचे प्रश्न जमवून ठेवणें, नव्या प्राध्यापकाच्या निवड-समितींत विद्यार्थ्यांचें मत मांडणें, हें काम कायदा असो वा नसो, कोणाला तरी करावेंच लागे. आणि ज्या राज्यांत मंडळें रद्द झालीं तेथेंहि विद्यार्थ्यांनीं तें स्वतंत्रपणें चालू ठेवलें.

परंतु एका गांवापुरतें मंडळ पुरत नाहीं, हें लवकरच ध्यानांत आलें. शिक्षण हा तेथें राज्यांचा विषय. तरी परीक्षांची चौकट, पदवीचें स्वरूप, तपासणीचे निकष हे पुष्कळसे राष्ट्रीय पातळीवर ठरतात. तेथें जीवशास्त्राच्या विभागांचे प्रमुख एकत्र बसतात, विद्यापीठांचे कुलगुरु बसतात, राज्यांचे मंत्री बसतात. मग विद्यार्थ्यांनींच काय ती आपापल्या गांवीं कुजबुज करावी? विषयवार राष्ट्रीय बैठकीचें खरें प्रयोजन येथें आहे. फ्रायबुर्गच्या मुलीला किती तास प्रात्यक्षिक करावें लागतें, आणि रोस्टोकच्या मुलाला किती, हें समोरासमोर बसून ताडून पाहिलें कीं 'आमच्याकडे हें शक्यच नाहीं' या विभागप्रमुखाच्या वाक्याचें वजन एकदम कमी होतें.

जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुढें तर असा एक प्रश्न होता, कीं जो दुसऱ्या शाखेंत सहसा उद्भवत नाहीं. प्राणिशास्त्राच्या सक्तीच्या प्रात्यक्षिकांत प्राणी कापावे लागत, आणि त्यासाठीं ते मारले जात. ज्याच्या मनाला हें पटत नाहीं त्यानें काय करावें? तो पदवीला मुकावा काय? १९८० नंतरच्या दशकांत अशा विद्यार्थ्यांचे गट अनेक विद्यापीठांत निघाले आणि देशपातळीवर एकमेकांस जोडले गेले. कोणी विद्यार्थी न्यायालयांत गेले. एका बाजूस सदसद्विवेकाचें स्वातंत्र्य, दुसऱ्या बाजूस अध्यापनाचें स्वातंत्र्य. दोन्ही घटनेंत लिहिलेलीं. १९९७ सालीं सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानें ठरविलें कीं विद्यार्थ्याचा विवेक दुर्लक्षून चालणार नाहीं, पण तेवढ्यानें सूट मिळणार नाहीं. त्याच तोडीचें शिक्षण दुसऱ्या रीतीनें मिळूं शकतें हें त्यानें नेमकेपणानें दाखवावें. २००० सालीं घटना-न्यायालयानें त्याविरुद्धची तक्रार सुनावणीस घेतली नाहीं.

वरवर पाहतां ही हार होती. परंतु 'दुसऱ्या रीतीनें शिकतां येतें हें दाखवा' या अटींतच संघटनेचें काम दडलेलें होतें. एकटा विद्यार्थी हें कसें दाखवणार? दुसऱ्या एखाद्या विद्यापीठांत तेंच प्रात्यक्षिक प्रतिकृतींवर, चित्रपटावर, किंवा नैसर्गिक रीतीनें मेलेल्या प्राण्यावर होतें, ही माहिती त्याच्या हातीं असली तरच तो बोलूं शकतो. अशी माहिती जमविणें, ती पुढच्या तुकडीच्या हवालीं करणें, हें देशव्यापी संपर्कावांचून होत नाहीं. २००२ सालीं प्राण्यांचें रक्षण हें राज्याचें कर्तव्य म्हणून घटनेंत आलें, आणि पुढें कांहीं राज्यांच्या विद्यापीठ-कायद्यांत प्राण्यांवांचून होणाऱ्या शिक्षणाची तरतूदहि आली. या प्रश्नावर विद्यार्थ्यांत एकमत होतें असें मात्र नव्हे. शरीररचना हातानें पाहिल्यावांचून कळत नाहीं, असें मनापासून मानणारे विद्यार्थीहि पुष्कळ होते आणि आहेत. त्यांचाहि प्रतिनिधि त्याच खोलींत बसलेला असतो. त्याला बाहेर न घालवितां त्याच्यासह ठराव करणें, हीच या बैठकीची कसोटी.

१९ जून १९९९ रोजीं बोलोन्या येथें २९ देशांच्या मंत्र्यांनीं उच्च शिक्षणाची चौकट एकसारखी करण्याचा जाहीरनामा काढला. त्यामुळें जर्मनींतील जुनी 'डिप्लोम' पदवी बहुतेक ठिकाणीं जाऊन तिच्या जागीं दोन टप्प्यांच्या पदव्या आल्या, आणि प्रत्येक अभ्यासक्रमाची बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी होऊं लागली. या तपासणी-समितींत विद्यार्थीहि असावा, असें ठरलें. पण तो कोणी निवडावा? ज्या विद्यापीठाची तपासणी व्हावयाची त्यानेंच आपल्या मर्जींतला विद्यार्थी बसविला तर तपासणीचा अर्थ काय? म्हणून २००० सालीं विद्यार्थी-संघटनांनीं मिळून अशा तपासनीसांचा एक समाईक संच तयार केला. त्याला आधार राष्ट्रीय संघ, राज्य-पातळीवरील विद्यार्थी-मंडळें आणि विषयवार राष्ट्रीय बैठकी यांचा. विद्यार्थ्यांना समितीवर बसण्याआधीं नियमांचें शिक्षण देण्यांत येतें. जी बैठक कायद्यानें निःसत्त्व, तिच्या नांवावर एखादी विद्यार्थिनी दूरच्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळांत जाऊन, 'येथें सूक्ष्मदर्शक पुरेसे आहेत काय? परीक्षा एका आठवड्यांत किती?' असें विभागप्रमुखांना विचारूं शकते. ही प्रगति लहान दिसली तरी खरी आहे.

या पद्धतींत उणिवा पुष्कळ आहेत, आणि त्या झांकण्याचें कारण नाहीं. विद्यार्थी येतो आणि तीन-चार वर्षांत जातो. काम कळूं लागेतों त्याची जाण्याची वेळ होते. इतिवृत्त नीट ठेवलें नाहीं तर मागच्यांनीं सोडविलेला प्रश्न पुढच्यांना पुन्हां सोडवावा लागतो. ज्याला सुटींत पोटासाठीं काम करावें लागतें त्याला बैठकीस जाणें परवडत नाहीं. म्हणजे गरजवंताचाच आवाज कमी पडण्याची भीति. मंडळाच्या निवडणुकीस फार थोडे विद्यार्थी मत देतात, ही तक्रार जुनी आहे. शिवाय ठराव करणें सोपें आणि तो मान्य करून घेणें कठीण, हा अनुभव तर जगांतील सर्वच सभांचा.

तरीहि १९२७ च्या त्या मतदानाशेजारीं ही साधी बैठक ठेवून पाहिली, म्हणजे तिच्या संकोचाचा अर्थ कळतो. त्या वेळच्या संघटनेजवळ कायद्याची मान्यता होती, पैसा होता, संख्या होती, तरुणांचा उत्साह होता. नव्हतें तें एकच: वर्गांत शेजारच्या बांकावर बसलेला प्रत्येक जण आपलाच, हें मानण्याची तयारी. तें नसल्यामुळें बाकीचें सर्व बळ विनाशाच्या कामीं आलें. आजच्या विषय-मंडळाजवळ बळ फारसें नाहीं. पण त्याच्या व्याख्येंतच तें उत्तर घातलेलें आहे. जो हा विषय शिकतो तो मंडळाचा. त्याचा वंश, धर्म, देश, मत कोणी विचारीत नाहीं. वर्गणी किंवा टोपीहि लागत नाहीं. 'सर्वांच्या वतीनें' बोलतों असें जेव्हां कोणी म्हणेल, तेव्हां त्याला पहिला प्रश्न हाच विचारावा कीं तुमच्या 'सर्वां'त कोण कोण येतात? त्याचें उत्तर स्वच्छ असेल तर बाकीच्या उणिवा हळूहळू भरून काढतां येतात. तें उत्तर मलिन असेल, तर कितीहि मोठा ध्वज फडकविला तरी त्याच्या छायेंत शेवटीं कोणाच्या तरी ग्रंथांची होळीच पेटते.